बंदुकीची राखण

कोकणात ज्या घरात शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, त्या घरातली सर्वांत सुरक्षित वस्तू बंदूक असते आणि सर्वांत असुरक्षित वस्तू शेती. आमच्या थोरल्या काकांची ठासणीची बंदूक माजघरात, जुन्या धोतरात गुंडाळलेली, दोन खुंट्यांवर आडवी निजलेली असते. दर अमावास्येला तिला शिलाई मशीनचं तेल मिळतं. काकी कित्येक वर्षं गुडघ्यांसाठी तेल मागते आहे, तिला ‘बघूया’ मिळतं. पावसाळ्यात माजघर गळायला लागलं की पहिली हलते ती बंदूक, मग तांदळाची कणगी, मग आम्ही. काकांच्या ट्रंकेत स्वतःचा जन्मदाखला नाही. बंदुकीच्या परवान्याच्या मात्र झेरॉक्स आहेत, झेरॉक्सच्या झेरॉक्स आहेत, आणि एक प्रत लॅमिनेशन करून गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलेली आहे.

राखण करावी तर अशी. ती बंदुकीने शेतीची करायची होती, एवढाच काय तो फरक.

रानडुकराचा मामला सरकारने खात्याखात्यांत नीट वाटून दिलेला आहे. बंदूक गृहखात्याची. डुक्कर वनखात्याचं. जमीन महसूल खात्याची. भुईमूग तेवढा आपला. कृषी खातं बियाण्याची पिशवी देतं आणि पुढच्या भानगडीत पडत नाही. या सगळ्यांत ठरल्या वेळी, रोजच्या रोज, रजा न टाकता शेतावर हजर होतं ते एकटं डुक्कर.

तरी कायद्याला दोष देता येणार नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याचं कलम १३ शेतकऱ्याने वाचलं तर त्याचे डोळे भरून येतील. एरवी हत्याराचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणारा हा कायदा, पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा असं चक्क म्हणतो. शिवाय ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. म्हणजे काडतुसाची. आता ही खात्री पटावी कशी? माझ्या मते त्यासाठी अधिकाऱ्याला श्रावणातल्या एका रात्री मांगरात बसवून ठासणी भरायला लावली पाहिजे.

नळी उभी धरायची. तोंडातून दारू ओतायची. तिच्यावर काथ्याचा बोळा. मग गजाने ठासायचं, फार जोरात नाही आणि फार हळूही नाही. मग छर्रे. पुन्हा बोळा. पुन्हा गज. मग घोड्याखाली ती एवढीशी केप बसवायची, तीही अंधारात, ओल्या बोटांनी, डास हाकलत. एवढं होईपर्यंत समोरच्या पाहुण्याने रताळ्याचा एक वाफा संपवून दुसऱ्यात तोंड घातलेलं असतं. बार एकच. तो चुकला की पुन्हा नळी उभी धरण्यापासून सुरुवात. आणि आमच्याकडे पाऊस पडतो तो तीन हजार मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे दारू बहुतेक वेळा सर्दावलेलीच. घोडा पडतो, ‘फुस्स’ असा आवाज होतो, आणि डुक्कर मान वर करून बघतं. काका याबद्दल डुकराला मुळीच दोष देत नाहीत. “डुकर शाणो,” ते म्हणतात, “गजाचो आवाज आयकलो की तेका समाजता, अजून येळ आसा.”

परवान्याचा अर्ज लिहायला मात्र आमच्या गावात कुणाला शिकवावं लागलं नाही. गाऱ्हाणं घालायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. देवळात उभं राहून बारा-पाचाच्या देवाला सांगायचं, तेच इथे जिल्हाधिकारीसाहेबांच्या सेवेशी सांगायचं: अर्जदार गरीब आहे, लेकरंबाळं आहेत, रानटी जनावरांनी उच्छाद मांडला आहे, तरी मेहेरबानांनी कृपादृष्टी ठेवावी. फरक इतकाच की देव पोच मागत नाही आणि दोन पासपोर्ट साइझ फोटोही मागत नाही.

अर्जामागून पोलीस चौकशी येते. अर्जदाराचं चालचलन कसं आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी संबंध कसे आहेत, हे हवालदाराने गावात येऊन विचारायचं असतं. हा प्रश्न ज्याने कोणी नमुन्यात घातला तो कोकणातला नसावा. कोकणात शेजाऱ्यांशी संबंध असतात ते दिवाणी स्वरूपाचे. बांध, वाट, विहिरीचं पाणी, हद्दीवरचा आंबा, यांपैकी एकाही बाबतीत ज्याची केस चालू नाही त्याला गावात फारसं कुणी ओळखत नाही. काकांची चौकशी झाली तेव्हा शेजारच्या तात्यांनी अत्यंत निःपक्षपाती जबाब दिला. “माणूस चांगलो,” ते म्हणाले. “फकत हद्दीवरच्या फणसाची केस आसा आमची. पण ती तेच्या बापाशीपासून आसा, तेच्यात तेचो दोष नाय.” हवालदाराने विचारलं, यांना बंदूक दिली तर तुम्हाला भीती वाटते का? तात्या म्हणाले, “तेका बंदूक दिलास तर माकाय होई.”

चौकशीच्या अहवालाला नियमांत तीस दिवसांची मुदत आहे. पुढे निर्णयाला आणखी मुदत आहे. हे सगळे दिवस कागदावर ठीक दिसतात, परंतु डुकरिणीच्या पोटात पिल्लं राहतात ती सुमारे एकशे पंधरा दिवस. डुकरं पाळणाऱ्यांत याचा हिशेब पाठ असतो: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. एका वेताला चार-सहा पिल्लं सहज होतात. म्हणजे ज्या डुकरिणीच्या तक्रारीवरून फाईल उघडली ती फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत डुकरीण आजी झालेली असते. फाईलमध्ये मात्र अजून ‘एक रानडुक्कर’ एवढंच असतं.

शस्त्र नियम २०१६ साली नवे आले. त्यांनी हत्यार सुरक्षितपणे हाताळायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणलं, आणि ते चांगलंच झालं, कारण भरलेली बंदूक भिंतीला टेकवून चहा प्यायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रत्येक परवान्याला देशपातळीवरच्या नोंदणीत स्वतःचा ओळख क्रमांक मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली. आणखी एक सोय अशी की परवानाधारक सत्तरीला आला, किंवा त्याने पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं, की हयातीतच ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. काका सत्तरी ओलांडून गेले, पंचवीस वर्षं तर कधीच झाली. त्यांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतो. त्याने एका गणपतीत हळूच विषय काढला. काका म्हणाले, घर घे, कलमांची बाग घे, बंदूक मागू नको. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी डुकराने सुरण उकरला आणि सगळे पुन्हा एकत्र आले.

आता जमिनीकडे वळतो, कारण कोकणात खरी गोळी जमिनीतच अडकते.

शेतीचं संरक्षण करायचं तर शेती आपली असल्याचं दाखवावं लागतं, आणि ते दाखवतो सातबारा. आमचा सातबारा हे एक वाचनीय पुस्तक आहे. त्यात पणजोबा आहेत, जे वारले त्याला आता कुणी साक्षीदार उरलेला नाही. त्यांचे तीन भाऊ आहेत, त्यांतला एक लहानपणी देशोधडीला लागला तो अजूनही चार आण्यांचा हिस्सेदार आहे. लग्न होऊन गेलेल्या आत्या आहेत, माहेरच्या नावाने. लालबागचे आहेत, डोंबिवलीचे आहेत, बोरिवलीचे आहेत. काही नावं तलाठ्याच्या अक्षरात अशी आहेत की ती माणसं आहेत की झाडं हे कळत नाही. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण नावं वाचता येत नाहीत ती नाहीतच.) शेवटी सगळ्यांच्या खाली ‘सामाईक’ हा शिक्का. सव्वा एकर जमीन, आणि मालक इतके की सगळे एकदम बांधावर उभे राहिले तर डुकराला आत यायला वाट मिळणार नाही. परवान्यासाठी मात्र ते कधी उभे राहत नाहीत. त्यांच्याकडून ना-हरकत आणावी लागते.

ना-हरकत मागण्यासाठी चुलतभावाने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला: शेतीसंरक्षणाच्या बंदुकीसाठी सर्व सहहिस्सेदारांची संमती हवी. पहिल्या तासात अकरा जणांनी हात जोडले आणि कुणीही सही केली नाही. मग बोरिवलीच्या आत्याने विचारलं की बंदुकीत तिचा हिस्सा किती. लालबागच्या काकांनी कळवलं की आपण हरकत घेत नाही, परंतु ही संमती म्हणजे वाटपाला संमती समजली जाऊ नये. ठाण्याच्या वहिनीने जीवदयेचा व्हिडिओ पाठवला. ज्याने गाव शाळकरी वयात सोडलं अशा एका भावाने बजावलं की गोळी झाडताना विहिरीजवळच्या हापूसला धक्का लागता कामा नये. तो हापूस वादळात पडला, त्याचं सरपण जळून गेलं, त्या राखेने भांडी घासून झाली. पण मालकाची माया मोठी.

याच ग्रुपवर टेक्सासचा भाचा आहे. त्याने सांगितलं की तिकडेही रानटी डुकरांचा कहर आहे, मक्याची शेतंच्या शेतं उखडतात. त्याच्या शेजाऱ्याने दुकानात जाऊन बंदूक आणली, जी काय चौकशी व्हायची ती दुकानदाराने जागच्या जागी केली. आणि २०१९ पासून तर खासगी जमिनीवर, मालकाची संमती असेल तर, रानटी डुकरं मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. आम्ही हे काकांना वाचून दाखवलं. वाटलं, बंदुकीच्या सोयीने ते हरखून जातील. त्यांनी क्षणभर विचार केला आणि एक सुस्कारा सोडला. “थंय जमनीक मालक एकटोच आसतलो.”

डुकरं राहतात तीही या मालकांच्याच कृपेने. मुंबईकरांच्या हिश्श्याची जमीन पड आहे. तिथे घाणेरी माजली, करवंदीच्या जाळ्या झाल्या, आत दिवसाही अंधार. डुकरांचं बिऱ्हाड तिथे. ती झोपतात चाकरमान्यांकडे आणि जेवतात आमच्याकडे. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. काका कायद्याला धरून चालणारे, त्यामुळे रात्री गडग्यापाशी उभे राहून बॅटरीच्या उजेडात आधी हद्द बघतात आणि मग डुक्कर. डुक्कर हद्दीवर थांबून त्यांच्याकडे बघतं. पुढचे पाय आमच्या भुईमुगात आणि मागचे पाय न्यायप्रविष्ट जमिनीत. एकदा काकांनी तात्यांना सहज विचारलं, की समजा डुक्कर जखमी होऊन तुमच्या बाजूला आलं, तर मागून यायला परवानगी आहे का? तात्या म्हणाले, लेखी अर्ज द्या. पण त्यात ‘तुमच्या फणसाखालून’ असं लिहा, म्हणजे फणस कुणाचा ते तुम्ही मान्य केलंत असं होईल. काका तेव्हापासून डुक्कर पलीकडे गेलं की घरी येतात.

बंदूक मिळाली, जमीन सिद्ध झाली, म्हणजे डुक्कर मारता येतं असं ज्यांना वाटतं ते भाबडे. शस्त्राचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना. डुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, १९७२ च्या. तिथे त्याचा मान गेल्या काही वर्षांत वाढलाच आहे: पूर्वी ते तिसऱ्या अनुसूचीत होतं, २०२२ च्या दुरुस्तीने दुसऱ्या अनुसूचीत गेलं. याच दुरुस्तीने जुनी पाचवी अनुसूची मोडीत निघाली, जिच्यात उपद्रवी प्राणी म्हणून कावळा, उंदीर, घूस आणि फळं खाणारी वटवाघळं दाटीवाटीने राहत होती. आता एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचं तर केंद्र सरकारने कलम ६२ खाली अधिसूचना काढायची, तीही ठरावीक भागापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती. बिहारमध्ये अशी अधिसूचना निघाली आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या गेल्या. त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री जाहीरपणे एकमेकांवर उलटले. नीलगायींनी बहुधा सर्वांत मोठं नुकसान त्या आठवड्यात केलं. त्याच वर्षी गोव्याच्या कृषिमंत्र्यांनी उपद्रवी प्राण्यांच्या विचाराधीन यादीत मोराचंही नाव घेतलं, आणि राष्ट्रीय पक्ष्याने मिरचीची रोपं उपटली तर शेतकऱ्याने आधी उभं राहून राष्ट्रगीत म्हणायचं की दगड शोधायचा, अशी काही दिवस पंचाईत झाली. केरळ सरकारने अधिसूचनेची वाट बघून बघून २०२२ मध्ये रानडुक्कर मारण्याची परवानगी द्यायचा अधिकार पंचायतींच्या अध्यक्षांकडेच सोपवला. आमच्या सरपंचांना हा अधिकार दिला तर काय होईल ते मला स्वच्छ दिसतं. डुक्कर कुणाच्या शेतात गेलं होतं ते ते विचारतील. विरोधी पॅनेलच्या शेतात गेलं असेल तर त्याचा ग्रामसभेत सत्कार होईल.

महाराष्ट्राने २०१५ साली एक निर्णय केला, आणि मी सरकारी कागद बरेच वाचले आहेत पण याच्याइतका धाडसी कागद दुसरा वाचला नाही. रानडुक्कर आणि रोही (म्हणजे नीलगाय) यांनी पीक उद्ध्वस्त केलं तर शेतकऱ्याने वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा, पोच घ्यायची, आणि चोवीस तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरून चालायचं. साहेब गप्प म्हणजे साहेबांचा होकार! हाच नियम बिनशेती परवानगीला, पेन्शनला, रस्त्याच्या खड्ड्यांना लावला तर महाराष्ट्र एका आठवड्यात बदलून जाईल. परंतु या कागदात एक शब्द आहे, ज्याच्यावर सगळं उभं आहे, आणि तो म्हणजे पोच. तालुक्याच्या ठिकाणी पोहोचल्यावर कळतं की साहेब फिरतीवर आहेत. अर्ज घेणारे आहेत, पण शिक्का कपाटात आहे. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते वणवा लागलाय तिकडे गेलेत. चोवीस तास सुरू व्हायलाच चार दिवस लागतात.

आणि समजा सगळं जुळलं. दारू कोरडी होती, केप बसली, डुक्कर हद्दीच्या आत होतं, पोच खिशात होती आणि बार लागला. मग वन्यजीव कायद्याचं कलम ३९ पुढे येतं, ज्याच्यामुळे मेलेलं डुक्कर ही सरकारी मालमत्ता होते. जिवंतपणी ते आमचं खातं आणि मेल्यावर सरकारजमा होतं. पंचनामा व्हायचा, विल्हेवाट लागायची. बार रात्री दोन वाजता झाला तरी पहाटे पाचला अख्खी वाडी दाराशी सहज म्हणून चक्कर मारायला येते. एरवी ज्यांना सकाळी चालायची सवय नाही अशी माणसं. काहींच्या हातात टोप असतो, तो का आहे ते विचारायचं नसतं. वनरक्षक येऊन पंचनामा सुरू करतो तेव्हा वाडीने एवढ्या पडलेल्या चेहऱ्याने निरोप दिलेला मी फक्त मुंबईच्या गाडीला पाहिला आहे.

याच्यावर इलाज म्हणून लोक बंदुकीविना जे करतात त्यालाही तोड नाही. शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. अख्ख्या गावातल्या लग्नांचा इतिहास त्या कुंपणावर फडफडत असतो, आणि काकी तिथून जाताना तिची कुठली साडी कुंपणाला बांधली ते बघून महिनाभर काकांशी अबोला धरते. सलूनमधले केस पोत्याने आणून बांधावर टाकतात, वासाने डुक्कर येत नाही म्हणून. मांगरात रेडिओ रात्रभर लावून ठेवतात. हवामानाचा अंदाज ऐकून डुकरं पळतात असा अनुभव आहे, पण दोन-चार दिवसच. काहीजण फासकी लावतात. तिला परवाना लागत नाही कारण तिला परवानगीच नाही, आणि तिच्यात डुकराऐवजी बिबट्या अडकून तडफडतो तेव्हा सगळा गाव ‘कुणी लावली ते माहीत नाही’ या एका वाक्यावर एकमताने ठाम असतो. फासकीबद्दल मला विनोद सुचत नाही.

गव्याला तर बंदूक दाखवायचीसुद्धा सोय नाही, तो पहिल्या अनुसूचीतला. हत्तीही तिथलाच, दोडामार्गाकडे २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून हत्ती आले आणि त्यांना माडाच्या बागा आवडल्या. हत्तीसमोर आमच्याकडे एकच विधी आहे, हात जोडून मागे मागे सरकायचं. मागे सरकायची आणखी एक रीत म्हणजे आचऱ्याची गावपळण. रामेश्वराचा कौल झाला की सगळी माणसं गुरंढोरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतात, मग पुन्हा कौल घेऊन परत येतात. ही प्रथा डुकरांमध्ये रुजवता येईल का, यावर आमच्या पारावर पुष्कळ चर्चा झाली. अडचण एवढीच निघाली की कौल त्यांच्यापर्यंत पोहोचवायचा कुणी.

बंदुकीच्या आयुष्यातला मोठा सण म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने ज्याचं त्याचं प्रकरण बघून ठरवावं, असं न्यायालयाने सांगून झालं आहे आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांतही ते आहे. पण छाननी करायला वेळ लागतो आणि जमा करून घ्यायला कोपरा पुरतो. काका दरवेळी ठाण्यात एकच प्रश्न विचारतात, आचारसंहिता डुकरांना लागू आहे का. ठाणेदार दरवेळी सांगतात, काका, वरून आदेश आहे.

२०२४ साल तर बंदुकीने सरकारी पाहुणचारातच काढलं. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती जूनमध्ये उठली. काजूची बोंडं, फणस, उन्हाळी भुईमूग, सगळा हंगाम बिनबंदुकीचा. विधानसभेची लागली १५ ऑक्टोबरला. कोकणात ऑक्टोबर म्हणजे भाताची कापणी. लोंब्या पिकून आडव्या झालेल्या, आणि त्यांच्यात डुकरांचे कळप लोळताहेत. मतदान २० नोव्हेंबरला, मोजणी २३ ला. उमेदवार प्रचाराला आले तेव्हा काकांनी त्यांना भात दाखवलं. उमेदवार म्हणाले, निवडून आलो की पहिला बंदोबस्त डुकरांचा. दुसऱ्या दिवशी दुसरे उमेदवार आले, तेही हेच म्हणाले. एकमत झालेला असा मुद्दा साऱ्या प्रचारात दुसरा नव्हता, आणि त्या एकमताच्या आवाजात डुकरांनी दोन कुणगे साफ केले. बंदूक परत आणली तेव्हा तिचं धोतर हरवलं होतं आणि गज भलत्याच कुणाचा तरी होता, चार बोटं आखूड. काकांनी तो ठेवून घेतला. आता त्यांचा गज ज्याच्याकडे आहे त्याला काका शोधताहेत. तो पलीकडच्या तालुक्यातला निघावा असा अंदाज आहे.

यानंतर नूतनीकरण आलं. काकांनी ट्रंक उघडली, कागदांचा गठ्ठा घेतला, कोट घातला आणि मला बरोबर घेतलं. खिडकीपलीकडच्या बाई नेमक्या होत्या, तिरसट अजिबात नव्हत्या. त्यांनी सगळे कागद लावून घेतले, परवाना बघितला, वैद्यकीय दाखला बघितला, आणि सातबाऱ्यावर बोट थांबलं.

“काका, इथे पिकाच्या रकान्यात ‘पड’ आहे.”

काका म्हणाले, आहे. डुकरांनी एवढं नुकसान केलं की गेली दोन वर्षं पेरलंच नाही.

“मग संरक्षण कशाचं?”

काका पुढे वाकले. त्यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“परवाना पीकसंरक्षणाचा आहे ना? पीक हवं. ई-पीक पाहणी करा, शेतात उभं राहून मोबाईलवर फोटो काढा, तो चढला की सातबाऱ्यावर पीक येईल. मग या.”

परतीच्या एसटीत काका बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नांगरणीला माणूस सांगितला. विहिरीजवळच्या पाच गुंठ्यांत भुईमूग पेरला. दोन वर्षं पोटासाठी पेरला नव्हता, आता बंदुकीसाठी पेरला. पाणी घातलं, खत घातलं, साड्यांचं कुंपण केलं, त्यात काकीची ठेवणीतली हिरवीही गेली. रात्री मांगरात रेडिओ. पीक तरारून आलं. एका संध्याकाळी चुलतभाऊ पुण्याहून आला होता, त्याने काकांना शेतात मधोमध उभं केलं. रेंज येईना म्हणून त्यांना गडग्यावर चढवलं, मग माडाखाली आणलं, मग एकदाचा अक्षांश-रेखांशासकट फोटो गेला. फोटोत भुईमूग थोडा आणि काका जास्त होते, पण अॅपने हरकत घेतली नाही.

त्या रात्री डुकरं आली. सकाळी मी शेतात गेलो तर पाच गुंठ्यांत एक वेल जागेवर नव्हता. हिरवी साडी चिखलात होती. मी धावत घरी आलो. काका ओटीवर बसून बंदुकीला तेल लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी नळीत एक डोळा घालून आरपार बघितलं, फडकं झटकलं.

“खाऊंदे रे,” ते म्हणाले. “फोटो चढलो मा? मग खाऊंदे.”